पुण्याला दाखवायला नेलेली आत्या

मला पुण्याला नेलं ते पुणं दाखवण्यासाठी नव्हे, मला पुण्याला दाखवण्यासाठी. हा फरक भंडाऱ्यात तोंडी सांगून कुणाला पटत नाही, म्हणून लिहून काढते.

माझी भाची यशोधरा पुण्यात कर्वेनगरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते आणि हडपसरला राहते. ज्यांनी पुण्याचा नकाशा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते: हडपसर पूर्वेच्या टोकाला, कर्वेनगर पश्चिमेला, आणि मधे पुणं नावाचा अडथळा. तिला कॉलेजपासून चालत जाण्याजोगं घर भाड्याने हवं होतं. घरं रिकामी होती, पण तिशी ओलांडलेल्या एकट्या मुलीला ती मिळत नव्हती. तिथे म्हणे आधी इमारतीची कमिटी भाडेकरूची मुलाखत घेते, आणि कमिटीला 'फॅमिली' लागते. एका दलालाने तिला युक्ती सांगितली, की घरात एखादं वडीलधारं माणूस दाखवा, काम होईल. आमच्या घराण्यात शोधाशोध झाली आणि सर्वांत दाखवण्याजोगी मीच निघाले. पांढरे केस, सुती साडी, वाचनालयात ग्रंथपाल म्हणून गेलेला जन्म, आणि गुडघे अजून शाबूत.

भावाने मला गाडीत बसवलं ते मात्र वेगळ्या कारणाने. भंडाऱ्याच्या कॉलेजात तिच्या विषयाची कायमची जागा निघाली होती. पुण्यातली नोकरी दर वर्षी नव्याने करार करण्याची. इथे एकदा चिकटली की निवृत्तीपर्यंत. कॉलेजचे सेक्रेटरी स्वतः घरी येऊन सांगून गेले होते आणि रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. स्टेशनवर भाऊ म्हणाला, "ताई, तिचं घर-बिर पाहा, पण येताना पोरीला घेऊनच ये. काय ठेवलं आहे त्या पुण्यात? नुसती बसमधे मरून राहिली."

मी त्याला हो म्हटलं. तिलाही फोनवर हो म्हटलेलंच होतं. मनातून मी भावाच्या बाजूची होते.

हडपसर

रेल्वेचा प्रवास सांगण्यासारखा नाही, मी झोपले होते.

यशू राहते त्या सोसायटीला इटलीतल्या कुठल्याशा गावाचं नाव आहे. फाटकावरच्या पहारेकऱ्याने माझा फोटो काढला, तो वर तिच्या मोबाइलवर पाठवला आणि मी मीच आहे हे तिने मान्य केल्यावर दांडी उचलली. आमच्याकडे पाहुणा आला की कुत्रं भुंकतं, आणि ते निदान शेपूट हलवून माफी मागतं.

आत कारंजं आहे, त्यात पाणी नाही. पोहण्याचा तलाव आहे, त्याच्या तळाशी निळ्या फरश्या आहेत आणि फरश्यांवर कबुतरं. पाणी बाहेर रस्त्यावर टँकरमधे असतं. सकाळी टँकर एकामागे एक उभे राहतात आणि त्यांच्या मागे शाळेच्या बस खोळंबून राहतात. भंडारा हा तळ्यांचा जिल्हा. पाणी विकत घेऊन त्याच्याशेजारी कोरडं तळं बांधणाऱ्या लोकांना हसू नये, असं मी स्वतःला बजावलं. पहिल्या दिवशी तरी पाळलं.

घर वरच्या मजल्यावर, तिघींत मिळून घेतलेलं. भाडं किती ते लिहीत नाही, वाचकांत वयस्कर मंडळी आहेत. गॅलरीतून समोर दिसते ती तशीच इमारत, तिच्या गॅलरीत तशीच बाई आणि तसंच कपडे वाळत घालायचं स्टँड. मी हात हलवला. ती घाईने आत गेली आणि तिने पडदा ओढला.

यशूच्या सोबतिणींपैकी एक घरी होती. संगणकाच्या कंपनीत काम करते. एवढं भाडं देऊन इथे राहण्यात काय मिळतं, असं मी तिला सरळ विचारलं. ती म्हणाली, "आंटी, इट्स सो वर्थ इट यार. इधर एक वाइब है." मग सांगू लागली, की शनिवारी-रविवारी त्या सगळ्या पुण्याबाहेर जातात, कारण आठवडाभर इथे जीव घुसमटतो. वाइब बहुधा सोमवार ते शुक्रवारच असावी.

सकाळी कोपऱ्यावरच्या टपरीवर पोहे खाल्ले. वर तर्री, म्हणजे आमचा चण्याचा झणझणीत रस्सा, मागितली तर त्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोह्यांवर रॉकेल मागितलं. वर शेव टाकली आणि साखर आत आधीच होती.

हडपसर ते कर्वेनगर

गुरुवारी मी मुद्दाम तिच्याबरोबर निघाले. मुलीला परत न्यायची तर तिच्या हालांची डोळ्यांनी पाहून खात्री केलेली बरी. ही खात्री सुदैवाने पहिल्याच बसमधे झाली. माझ्या चपलेचा अंगठा चढतानाच तुटला आणि पुढचा सगळा प्रवास मी एक पाय फरफटत केला. यशूने एका हाताने दांडी धरली, दुसऱ्या हाताने पेपर तपासले, आणि पेन तोंडात. ज्यांना नापास केलं त्यांच्याबद्दल मला तिथेच सहानुभूती वाटली. मधे बस बदलली. जेवढ्या वेळात भंडाऱ्याहून नागपूर गाठून होतं, तेवढ्या वेळात आम्ही एकाच गावाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला पोचलो. वाटेत नदी लागली असं यशू म्हणाली. मला वास आला होता, पण तो नदीचा हे कळलं नव्हतं.

कर्वेनगरला उतरल्यावर पहिलं काम म्हणजे चांभार शोधणं. तो पुलाखाली बसला होता. टाके घालता घालता कुठून आलात विचारलं, भंडारा म्हटल्यावर हसला आणि म्हणाला, त्याचा जावई वर्ध्याचा, "आला की नुसता येऊन राहिलो, जाऊन राहिलो करतो." मग चप्पल ओढून पाहत म्हणाला, "राहतो मात्र इथंच."

मी त्या दिवसापासून पुण्यात छापील बोलायला लागले. पुस्तकांत जन्म गेल्यामुळे मला ते जमतं. घरात आम्ही आमचंच बोलतो.

कमिटीपुढे

मुलाखत शुक्रवारी संध्याकाळी होती. जागा: अध्यक्षांचा दिवाणखाना. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले, झब्बा इस्त्रीचा. सोबत सेक्रेटरीबाई होत्या. त्यांच्यासमोर आम्ही दोघी लाकडी सोफ्यावर, मुलगी दाखवायला आल्यासारख्या. फक्त इथे मुलगी मी होते. ज्या घरासाठी हे चाललं होतं ते दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर यशूने आधी पाहिलं होतं. खिडकीत आंब्याचं झाड होतं म्हणाली, आणि कॉलेज पाच मिनिटांवर. तिला ते किती हवं होतं, हे तिच्या हातांवरून मला दिसत होतं. ती ओढणीचं टोक गुंडाळत होती आणि सोडत होती.

अध्यक्षांनी आधी माझ्याकडे मोर्चा वळवला. आपण मूळच्या कुठल्या, असं विचारलं. मी भंडारा सांगितलं. भंडारा म्हणजे नागपूरच्या अलीकडे की पलीकडे?

मी म्हटलं, "पुण्याहून निघालात तर पलीकडे. आमच्याकडून निघालो तर नागपूर अलीकडे."

सेक्रेटरीबाई हसल्या. माझं काय वाचन आहे, संत साहित्य वाचते का, असं विचारून झालं. मी वाचलेलं सांगितलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि सोनाराने दागिना घासून पाहिल्यावर जसं तोंड होतं तसं तोंड केलं. बाई म्हणाल्या, "तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो! विदर्भातल्या वाटत नाही. आम्हाला ना, बोलण्यावरूनच घर कळतं."

मी त्यांचे आभार मानले. कुणाचं घर बोलण्यावरून ओळखणारी माणसं दूरदर्शनच्या निवेदकाला जावई करतील, असं मला वाटून गेलं.

आता उरलं आडनाव. पुण्यात विदर्भातली आडनावं वाचता येत नाहीत, ही आमची मोठी सोय आहे. अध्यक्षांनी 'रामटेके' दोनदा तोंडात घोळवलं. "म्हणजे रामटेकचे! वा. रामाचं गाव."

"रामटेकला राम टेकडीवर राहतो," मी म्हटलं. "आमचे लोक खाली राहायचे."

त्यांना तो विनोद वाटला. खूप हसले. चहा आला, कप लहान आणि चहा चांगला. अध्यक्षांनी काम झाल्याच्या सुरात पार्किंगचं आणि ओल्या-सुक्या कचऱ्याचं सांगितलं, आणि सेक्रेटरीबाईंनी सहज पुस्ती जोडली, की नवीन बिऱ्हाड आलं की पहिल्या महिन्यात सत्यनारायण घालतात, तशी आपल्या सोसायटीची प्रथाच आहे, प्रसादाला सगळे मजले येतात, ओळख होते. सक्ती अर्थातच नाही.

'बघू' म्हणायचं. एवढंच करायचं होतं. मी तोंड उघडलंही होतं. आंब्याचं झाड त्या एका शब्दापलीकडे उभं होतं.

यशू आधी बोलली. "आम्ही सत्यनारायण घालत नाही. आम्ही बौद्ध आहोत."

आवाज वर्गात हजेरी घेतल्यासारखा. ओढणीचं टोक तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

अध्यक्ष म्हणाले, "छान. छान, छान." जी गोष्ट माणसाला खरोखर छान वाटते ती तो एकदाच छान म्हणतो. मग त्यांनी झब्ब्याच्या बाहीने कपाळ पुसलं. पंखा चालू होता. "आम्ही तसलं काही पाळत नाही हं."

"कसलं?" मी विचारलं.

सेक्रेटरीबाई कपबशा गोळा करू लागल्या, त्यातली माझी अजून भरलेली होती. अध्यक्षांनी थोडा वेळ शोधून एक वाक्य काढलं. "आमच्या बँकेत एक होते तुमच्यातले. फार सज्जन."

"असतात," मी म्हटलं.

आम्हाला फाटकापर्यंत पोचवायला ते स्वतः आले आणि 'कळवतो' म्हणाले.

तिथून जवळच, एका खानावळीत

जेवण बरं होतं. भाकरी पातळ, पिठलं चांगलं, ठेचा नावापुरता. मी संधी सोडली नाही. म्हटलं, झालं ना समाधान? हेच ते शहर, ज्याच्यासाठी तू आयुष्य बसमधे घालवतेस. घरी अंगण आहे, माणसं आहेत, विहिरीला पाणी आहे, आता तर कॉलेजात जागाही आहे. इथे एवढं मोजून मिळतं काय, तर सत्यनारायणाचं आमंत्रण. मी बरीच बोलले आणि मला वाटतं चांगलंच बोलले.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबांनी तुला सांगितलं का, कॉलेजचे सेक्रेटरी घरी येऊन काय म्हणाले ते?"

जागा आहे असं म्हणाले, एवढंच मला ठाऊक होतं.

"'रामटेके, यंदा तुमच्यातला एक आम्हाला घ्यायचाच आहे, तर मग तुमचीच पोरगी घेऊ.' बाबांनी आनंदाने जसंच्या तसं फोनवर सांगितलं. माझे मार्क विचारले नाहीत, मी काय शिकवते विचारलं नाही. आत्या, तिथं कुणालाच मला काही विचारावं लागत नाही. मी कोण ते मी जन्मायच्या आधीपासून सगळ्यांना माहीत आहे."

"आणि इथं आज काय झालं?" मी म्हटलं.

"इथं निदान त्यांना विचारावं लागतं. आडून, वळसे घेऊन, रामटेकपर्यंत जाऊन. तो घाम पाहिलास ना? तो बघायला मी भाडं भरते."

ती हसली आणि पिठलं वाढून घेतलं. माझ्याकडे उत्तर होतं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे उत्तर असतं, तो वाचनालयातल्या नोकरीचा दोष आहे. पण तेवढ्यात वाढप्याने भात आणला आणि ते दिलं गेलं नाही.

लोणी काळभोर

शनिवारी कमिटीकडून काही कळलं नाही. तिच्या कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने सुचवलं होतं, की भाड्यावर उधळण्यापेक्षा सोलापूर रस्त्यावर लोणी काळभोरला स्वतःचं घ्या. म्हणून तेही पाहून आलो. लोणी हे मोठं गाव आहे. ऊस आहे, कॉलेजं आहेत, आणि उसाच्या मधोमध उभ्या केलेल्या फलकांवर 'पुण्याच्या हृदयात' असं लिहिलेलं आहे. हृदय शरीराबाहेर काढून एवढ्या लांब ठेवण्याची शस्त्रक्रिया मी प्रथमच पाहिली.

तिथे नमुन्याचं घर दाखवतात. टाय लावलेल्या एका तरुणाने आम्हाला आत नेलं. कुठल्याही खोलीला दार नव्हतं, न्हाणीघरालासुद्धा, त्यामुळे घर मोठं दिसतं. पलंग बेताचा होता. मी पडून पाहिलं तर पाय बाहेर आले. तरुण म्हणाला, मॅडम, तो फक्त बघण्यासाठी आहे. मला त्या पलंगाबद्दल आपुलकी वाटली. मीही त्याच कामावर आले होते.

बाहेर रसवंतीवर रस प्यायलो. चरक चालवणारे आजोबा समोरच्या बांधकामाकडे हात करून म्हणाले, "ती समदी आमची जमीन हाय. म्हंजे व्हती." मग त्यातला एक फ्लॅट त्यांनीही घेतला असल्याचं सांगितलं, सातव्या मजल्यावरचा. कसा आहे विचारलं तर म्हणाले, "चांगला हाय की. वरनं आमचं रान दिसतं."

यशूने त्या टाय लावलेल्या तरुणाचं पत्रक घडी करून पर्समधे ठेवलं. घेणार का, असं मी विचारलं नाही. मला एव्हाना रविवारची काळजी लागली होती, आणि ती नक्की कुणाच्या बाजूने लागली आहे हे मला सांगता आलं नसतं.

पुन्हा कर्वेनगर

रविवारी सकाळी तिने स्वतःच अध्यक्षांना फोन लावला. त्यांना फार वाईट वाटत होतं. घरमालकांचे कुणी नातेवाईक अचानक अमेरिकेहून येत होते आणि त्यांना नेमकं तेच घर हवं होतं. कर्वेनगरात दोन खोल्यांत भाड्याने राहायला लोक अमेरिका सोडून येतात, ही माहिती मी भंडाऱ्यातल्या तरुणांच्या हितासाठी इथे नोंदवते. अमेरिकेचा विचार करत असाल तर थांबा.

यशूने 'धन्यवाद काका' म्हणून फोन ठेवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "चल, अजून एक आहे."

हे दुसरं घर कॉलेजपासून जरा लांब, गल्लीच्या आतल्या अंगाला. इमारत जुनी, लिफ्ट नाही, कमिटी असण्याइतकी माणसं नाहीत. घरमालकीण तळमजल्यावर राहते, साठीची, गाऊनवर टॉवेल टाकलेली. तिने दार उघडलं, किल्ली काढली आणि आमच्या पुढे जिना चढत बोलायला लागली. मी पदर सारखा केला होता. उत्तरं तयार होती. या वेळी सत्यनारायणाचं कुणी विचारायच्या आधीच सांगून टाकायचं, असं मी ठरवलं होतं.

तिने पहिला प्रश्न केला तो पिंपाचा. "पाणी सकाळीच येतं. पिंप आहे ना तुमच्याकडे? नसेल तर आधीच्या पोराचं ठेवलंय, घ्या." दुसरा गाडीचा: दुचाकी असेल तर बाहेर लावायची. मग तिने माझ्याकडे प्रथमच पाहिलं. "या पण राहणार का?"

यशू म्हणाली, "हो, माझी आत्या. आम्ही फॅमिली..."

"दोघींना पाणी पुरायचं नाही हं. आधीच सांगते."

पाचशे मैल दाखवायला आणलेला माल असा पाच शब्दांत नापसंत झाला. यशूने घाईघाईने आत्या परत जाणार असल्याचं सांगितलं, आणि मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. मी न राहवून म्हटलं, आमचं आडनाव रामटेके. बाई म्हणाल्या, बरं, करारनाम्यावर नीट घाला, मागच्या वेळी वकिलाने भलतंच घातलं होतं. खाली कुकरची शिट्टी झाली तशा त्या आम्हाला रिकाम्या घरात सोडून जिना उतरून गेल्या.

घर वाईट आहे. स्वयंपाकघरात दोन माणसं एकदम वळू शकत नाहीत, खिडकीसमोर आंबा नाही, शेजारच्या इमारतीचे पाइप आहेत. भाडं त्या पाइपांनाही लाज वाटावी असं. मालकीण भली होती असंही म्हणवत नाही. तिला भाडं हवं होतं आणि आमच्यात काडीचा रस नव्हता. इतकी निर्मळ बेपर्वाई मी भंडाऱ्यात सबंध आयुष्यात पाहिलेली नाही. यशू खोलीच्या मधोमध उभी राहून हात पसरून भिंतींचं माप घेत होती, आणि ती बऱ्याच वर्षांनी मला लहान दिसली.

तेवढ्यात भावाचा फोन आला. मी बाहेर जिन्यात जाऊन घेतला.

"काय म्हणते? येऊन राहिली ना पोरगी?"

"नाही," मी म्हटलं. "सेक्रेटरीला सांग, दुसरं कोणी पाहा म्हणा."

त्याने घर कसं आहे विचारलं. मी पाइपांसकट सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तो ऐकत गेला, हं हं करत गेला, आणि शेवटी आवाज जरा खाली आणून म्हणाला, "बरं, मालकीण कोण लोकं आहेत?"

मी जिन्याच्या कठड्यावरून खाली पाहिलं. तिचं दार उघडंच होतं, भाताचा वास येत होता, आणि दारावर पाटी नव्हती.

"अरे," मी म्हटलं, "ते विचारायचंच राहिलं."